मिलटाउन मॅलबेच्या संगीतसप्ताहातील कॉन्सर्टिना : पेटीवर घडलेल्या कानाने ती कशी ऐकावी?

पंचवटीकर

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, क्लेअर परगण्यात, मिलटाउन मॅलबे नावाचे एक छोटे गाव आहे. विली क्लॅन्सी हे तेथील इलियन पाइप्सचे, म्हणजे कोपराखालच्या भात्यावर चालणाऱ्या आयरिश मशकवाद्याचे, नामवंत वादक होते. १९७३ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षापासून त्यांच्या स्मरणार्थ दर जुलैत त्या गावात उन्हाळी संगीतशाळा भरू लागली. सकाळी वाद्यवार वर्ग होतात, दिवसा व्याख्याने आणि वादने होतात, रात्री नाच होतो. आणि या सगळ्याच्या अवतीभोवती गावातील प्रत्येक पबमध्ये, जेथे चार खुर्च्या मावतील तेथे, मैफली चालूच असतात. मुलगा लिमरिकला नोकरीस असल्यामुळे मला यंदा हा सप्ताह अनुभवता आला. प्रवासवर्णन लिहिण्याचा माझा हेतू नाही. तेथे मी सर्वाधिक जे वाद्य ऐकले, त्या कॉन्सर्टिनाविषयी येथील पेटीवादकांशी आणि इतर जाणकारांशी बोलावे, एवढ्याचसाठी हा धागा काढत आहे.

ज्यांनी हे वाद्य पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दोन तळहातांच्या मध्ये मावेल असा हा षट्कोनी डबा असतो. दोन्ही टोकांना लाकडाची किंवा धातूची नक्षीदार जाळी, तिच्यावर बटणे, आणि मध्ये चामड्याच्या घड्यांचा भाता. क्लेअरमध्ये वाजते ती अँग्लो प्रकारची कॉन्सर्टिना, बहुधा तीस बटणांची. तिचे मुख्य वैशिष्ट्य असे की एकाच बटणावर भाता दाबताना एक स्वर निघतो आणि ओढताना दुसरा. त्यामुळे बटणे तीस असली तरी आत सूर, म्हणजे हवेने थरथरून स्वर देणाऱ्या धातूच्या जिभा, साठ असतात. मधल्या रांगेत डाव्या हाताच्या तिसऱ्या बटणावर दाबताना सा आणि ओढताना रे. चौथ्यावर ग आणि म. पाचव्यावर प आणि ध. उजव्या हाताच्या पहिल्या बटणावर मात्र क्रम उलटतो, तेथे ओढताना नी आणि दाबताना वरचा सा येतो. म्हणजे साधे सप्तक चढतानाही दाब-ओढ, दाब-ओढ, दाब-ओढ असे जाऊन शेवटी धैवत आणि निषाद हे दोन स्वर सलग ओढीवरच घ्यावे लागतात.

भजनी मंडळात अनेक वर्षे पेटी वाजवणारी मी, सुरुवातीला या संगीतात पेटीचे सुख शोधत राहिले आणि ते मला मिळेना. आपल्या पेटीत बाहेरच्या भात्याखाली पोटात दुसरा भाता असतो, तो हवा साठवतो आणि हाताचा धक्का स्वरात उतरू देत नाही. डाव्या हाताची हालचाल ऐकू आली तर आपण त्या वादकाला कच्चा म्हणतो. कॉन्सर्टिनात अशी साठवण नाही. भात्याची दिशा बदलली की स्वराच्या तोंडावर एक बारीकसा ठसका उमटतोच, आणि तो लपवण्याचा कोणी प्रयत्नही करत नाही. दोनतीन दिवसांनी माझे लक्ष बोटांवरून भात्याकडे गेले आणि तेव्हा मला ते संगीत ऐकू येऊ लागले. धुनेची पावले त्या ठसक्यांतच असतात. माझे म्हणणे असे की या वाद्याचा आनंद स्वरापेक्षा श्वासात अधिक आहे, आणि भाता सांभाळणे म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे, त्या पेटीवाल्याला तो इतरांपेक्षा लवकर सापडायला हवा.

एक गोष्ट जवळून पाहिलेली सांगते. खिडकीजवळ बसलेल्या एका वयस्कर बाईंनी वाद्याचे एक टोक डाव्या गुडघ्यावर टेकवले होते आणि त्या फक्त उजवी बाजू हलवत होत्या. ओढीवरचे स्वर सलग आले की भाता फुगत जाई. मग दोन वाक्यांच्या सांध्यात त्यांचा उजवा अंगठा एका वेगळ्या बटणावर क्षणभर पडे, आतली हवा निःशब्द बाहेर जाई आणि भाता मिटे. त्या अर्ध्या मात्रेची जागा त्यांनी धुनेत आधीच राखून ठेवलेली असे. ऐकणाऱ्याला तो विराम वाटे, हवेची तडजोड वाटत नसे.

आपण कोणी हे वाद्य ऐकले आहे का? आणि नाशिकमध्ये बसून ते शिकणे, निदान जवळ बाळगणे, शहाणपणाचे ठरेल का?

रविवारकारंजा

ताई, लेख आवडला, परंतु स्पष्ट लिहितो, राग मानू नये. आपण उल्लेख केल्यावर मी तासभर आयरिश कॉन्सर्टिनाची ध्वनिमुद्रणे ऐकली. मी तबल्याचा विद्यार्थी आहे. मला ते सारे एकसुरी वाटले. आलाप नाही, मींड नाही, समेची ओढ नाही; एकच धून दोनतीन वेळा वाजवतात आणि मग न थांबता दुसरीच सुरू करतात. उत्सवाच्या गर्दीत, मित्रमंडळींत ते रंगत असेल हे मान्य आहे. पण लक्षपूर्वक बसून ऐकावे असे त्यात काय आहे?

शॅननकाठी

मी मूळचा सिडकोतला, आता बरीच वर्षे आयर्लंडमध्ये आहे आणि मिलटाउनला जमेल तेव्हा जातो. रविवारकारंजा यांच्या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न करतो, कारण पहिल्या उन्हाळ्यात माझाही असाच गोंधळ झाला होता.

आपण तबल्याचे विद्यार्थी आहात, म्हणून तालापासून सुरुवात करू. ज्या नाचाच्या धुनेला येथे जिग म्हणतात तिच्या प्रत्येक मापात सहा मात्रा असतात, तीन अधिक तीन. म्हणजे आपला द्रुत दादराच समजा. रील ही चार-चारच्या वजनाची, केरव्याच्या अंगाने जाणारी. धुनेचे बहुधा दोन भाग असतात. पहिला भाग आठ मापांचा, तो पुन्हा वाजतो. मग दुसरा आठ मापांचा, तोही पुन्हा वाजतो. अशी बत्तीस मापे झाली की धून एकदा पूर्ण झाली. दुसरा भाग बहुधा वरच्या स्वरांत फिरतो, त्यामुळे अस्ताई-अंतऱ्याची सवय असलेल्या कानाला तो ओळखीचा वाटतो. अशी धून दोनतीनदा वाजली की वादक तिला दुसरी जोडतो. जाणकार श्रोता नेमकी त्या जोडाची वाट पाहत असतो. नवी धून बहुतेक वेळा वेगळ्या षड्जावर किंवा वेगळ्या थाटाची असते, आणि ती पडली की मागून कोणी तरी 'हप!' म्हणून ओरडतोच. आपल्याकडे समेला मान हलते, येथे या वळणाला हलते.

राहिला विस्ताराचा प्रश्न. येथे विस्तार मापाच्या आत होतो. एखाद्या लांब स्वराच्या जागी शेजारच्या दोन स्वरांना निसटता स्पर्श करून येणारा घोळ, एकाच स्वराची तीन तुकड्यांत फोड, किंवा दुसऱ्या वेळी तीच ओळ डाव्या हाताने खालच्या सप्तकात जोडून घेणे, असल्या गोष्टींत वादकाचा हात ओळखू येतो. पहिल्यांदा ऐकताना यातील काहीच जाणवत नाही. एकच रील चार वेगवेगळ्या वादकांकडून ऐकावी, मग फरक कळू लागतो. क्लेअरच्या पूर्व भागातील मेरी मॅकनमारा यांचे वादन संथ, जमिनीला धरून चालणारे आहे. नोएल हिल यांचे वादन भरगच्च, डाव्या हाताच्या स्वरसंगतींनी सजवलेले आहे. केरीचे कॉर्मॅक बेगली खर्जापासून टिपेपर्यंतच्या वेगवेगळ्या आकारांच्या कॉन्सर्टिना वाजवतात, आणि त्यांच्या खर्जाच्या वाद्यात तर भात्याचा उसासाच तालवाद्याचे काम करतो. पंचवटीकरताईंचे श्वासाचे म्हणणे पटत नसेल त्यांनी बेगली ऐकावेत.

मैफलीच्या शिस्तीविषयीही सांगतो, कारण आपल्याकडून येणाऱ्या पाहुण्यांची तेथे थोडी अडचण होते. वादकांच्या कोंडाळ्यातील खुर्ची रिकामी दिसली तरी विचारल्याशिवाय बसू नये. ठेका धरून टाळ्या वाजवू नयेत. दहा माणसांच्या दहा लयी झाल्या की वादकाला त्रास होतो. ध्वनिमुद्रण करायचे असल्यास आधी विचारावे. दाद द्यायची ती जोड पडताना आणि जोडलेल्या धुनांचा संच संपल्यावर. बाकी बोलण्यावर बंदी नाही. उलट पूर्ण शांतता झाली तर वादकच अवघडतात.

मखमलाबाद

एक प्रश्न. ताईंच्या लेखात वादक बाई आहेत, शॅननकाठी यांनीही एका बाईंचे नाव घेतले. तेथे हे वाद्य बायका पहिल्यापासून वाजवत होत्या का? आपल्याकडे पेटी घरोघरी होती, पण मैफलीत ती वाजवणाऱ्या बायका फार थोड्या, म्हणून कुतूहल वाटते.

शॅननकाठी

क्लेअरमध्ये तरी होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत बनलेल्या स्वस्त कॉन्सर्टिना गावोगावच्या दुकानांत मिळू लागल्या आणि त्या शेतकरी घरांत शिरल्या. वाद्य लहान होते, घरात वाजवता येत होते, त्यामुळे ते बायकांच्या हाती आले आणि राहिले. चुलीच्या बाजूच्या भिंतीत एक कोनाडा असे, त्यात ते ठेवत. तेथे भात्याचे चामडे आणि आतले सूर कोरडे राहत.

यांतील सर्वांत मोठे नाव एलिझाबेथ क्रॉटी यांचे, म्हणजे सर्वांच्या मिसेस क्रॉटींचे. जन्म १८८५ चा, मृत्यू १९६० चा. किलरश गावात त्यांचा आणि त्यांच्या यजमानांचा पब होता. १९५० च्या दशकात आयरिश आकाशवाणीचे लोक ध्वनिमुद्रणाची यंत्रे घेऊन खेड्यापाड्यांत फिरू लागले, तेव्हा त्यांचे वादन देशभर पोहोचले. त्या वेळी त्यांची साठी उलटून गेली होती. ती मुद्रणे आजही ऐकायला मिळतात. त्यांत सजावट कमी आहे, पण लय इतकी पक्की आहे की ऐकताना पाय आपोआप हलतो.

जुनीपेटी

आमच्या घरात पेटीदुरुस्तीचा व्यवसाय दोन पिढ्यांचा आहे. देवळाली कॅम्पातील एका जुन्या घरातून आलेली कॉन्सर्टिना सध्या माझ्या मेजावर उघडी पडलेली आहे, त्यामुळे या धाग्यात लिहिण्यावाचून राहवले नाही. ती अँग्लो नाही, इंग्लिश प्रकारची आहे, बटणे अठ्ठेचाळीस. या प्रकारात दाबताना आणि ओढताना स्वर एकच असतो. म्हणजे प्रत्येक बटणाला एकाच स्वराचे दोन सूर, एकूण शहाण्णव.

आधी थोडा इतिहास, कारण दोन्ही प्रकारांची कुळे वेगळी आहेत. इंग्लिश कॉन्सर्टिना चार्ल्स व्हीटस्टन यांची. विजेचे शिक्षण घेतलेल्यांना हे नाव व्हीटस्टन ब्रिजमुळे पाठ असते. तेच हे गृहस्थ, लंडनच्या किंग्ज कॉलेजात प्राध्यापक होते आणि त्यांचे घराणे वाद्ये बनवणाऱ्यांचे होते. १८२९ मध्ये त्यांनी तोंडाने फुंकण्याच्या एका वाद्याचे पेटंट घेतले. त्याच बटणांना पुढे भाता जोडला गेला आणि १८४४ मध्ये कॉन्सर्टिनाचे पेटंट झाले. दाबताना एक आणि ओढताना दुसरा स्वर देणारे वाद्य कार्ल फ्रीडरिश उलिग यांनी जर्मनीतील केमनिट्स येथे १८३४ मध्ये केले. इंग्रज कारागिरांनी या जर्मन रचनेला आपला षट्कोनी डबा आणि आपले सूर दिले, ती अँग्लो. जर्मन शाखेतूनच क्रेफेल्डच्या हाइनरिश बांड यांच्या नावाचा बँडोनियन निघाला आणि तो अर्जेंटिनात जाऊन टँगोचा प्राण झाला. आपल्या पेटीची आजी, म्हणजे पॅरिसच्या दबें यांची पायाने चालणारी हार्मोनियम, १८४० ची. सगळी भावंडे पंधरा-वीस वर्षांच्या आत जन्मली, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता आतले काम. प्रत्येक टोकाला सहा लांब स्क्रू आहेत. ते काढले की जाळी आणि तिच्यामागची पितळी तरफांची फळी सुटते. प्रत्येक तरफेच्या टोकाला चामड्याची गोल गादी, आणि तिच्याखाली भोक. त्या फळीच्या मागे सुरांची लाकडी थाळी भात्याच्या तोंडात घट्ट बसवलेली असते. थाळीत पातळ लाकडी पट्ट्यांनी केलेले कप्पे आहेत. प्रत्येक कप्प्याच्या वरच्या अंगाला एक आणि खालच्या अंगाला एक सूर, आणि प्रत्येकासमोर चामड्याची झडप. हवा आत येताना एक झडप मिटते, बाहेर जाताना दुसरी. आपल्या पेटीत सुराची पितळी जीभ पितळी पट्टीवर रिव्हेटने ठोकलेली असते आणि ती पट्टी फळीवर स्क्रूने बसवतात. येथे जीभ पोलादाची आहे, ती पितळी चौकटीवर दोन बारीक स्क्रूंच्या पकडीत धरली आहे, आणि चौकट निमुळती असून थाळीतल्या खाचेत नुसती सरकवून बसवली आहे; ना मेण, ना खिळा. नखाने ढकलली की सूर हातात येतो. गुजरातेतील पालिताण्याचे पेटीचे सूर मी आयुष्यभर घासत आलो आहे, पण बसवण्याची इतकी सफाई क्वचित पाहिली.

श्रुतींविषयी ज्यांना रस आहे त्यांच्यासाठी एक गंमत. इंग्लिश कॉन्सर्टिनात सप्तकाला बारा नव्हे तर चौदा बटणे येतात. सी ची पट्टी षड्ज मानली तर कोमल गंधार आणि तीव्र रे यांना वेगवेगळी बटणे, तसेच कोमल धैवत आणि तीव्र पंचम यांनाही. आज या जोड्या एकाच स्वराला लावतात, पण सुरुवातीच्या वाद्यांत त्या खरोखर वेगळ्या लावलेल्या असत, कारण त्या काळी स्वरांतरे समान करण्याची आजची पद्धत रूढ झालेली नव्हती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बावीस श्रुतींच्या हार्मोनियमचा घाट घातला होता हे आपण वाचलेले असते. पेटीवर बेसूरपणाचा आरोप झाला की आपण एवढ्यावरच थांबतो. पण पेटीच्या कुळातल्या एका वाद्यात, युरोपातच, ही सोय बटणांच्या मांडणीत होती, ही गोष्ट पेटीचा कैवार घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावी.

ताईंच्या मूळ मुद्द्यावर माझा थोडा मतभेद आहे. श्वासाचा ठसका हा अँग्लोचा गुण आहे, सबंध कॉन्सर्टिनाचा नव्हे. इंग्लिश प्रकारात स्वर भात्याच्या दिशेवर अवलंबून नसल्यामुळे लांब, सलग ओळ सहज निघते. नॉर्थम्बरलंडकडचे अ‍ॅलिस्टर अँडरसन ऐकावेत. तेथे भाता व्हायोलिनच्या गजासारखा वापरला जातो.

पंचवटीकर

आपले म्हणणे मान्य आहे. माझे विधान क्लेअरमध्ये ऐकलेल्या अँग्लोपुरतेच घ्यावे. तरीही एक विचारते. अँडरसन यांचे वादन आपण सुचवल्यावर ऐकले. त्यातही नाचाची धून आली की ते भाता मुद्दाम लहान-लहान तुकड्यांत मोडताना दिसतात. रचनेने लादलेले नसतानाही ते ठसका मागून घेतात, असे मला वाटले.

जुनीपेटी

बरोबर आहे, नाचासाठी ते करावेच लागते. सलग स्वरावर पाय उचलत नाही.

सुरगाणावाट

नाचाचा विषय निघाला म्हणून लिहितो. सुरगाणा, पेठ आणि मोखाड्याकडच्या गावांत होळीनंतरच्या दिवसांत बोहाडे भरतात. देवादिकांचे आणि राक्षसांचे मुखवटे घातलेली सोंगे रात्रभर नाचत येतात आणि त्यांच्या पुढे संबळ व पिपाणी वाजते. शहरातील पाहुणे कधी कधी विचारतात की रात्रभर पिपाणीवर हे एवढेच का वाजते. त्यांचे डोळे पिपाणीवाल्याकडे असतात. सोंगाच्या पायाकडे पाहिले तर उत्तर मिळते. सोंग बदलले की चाल बदलते, गणपतीचे पाऊल वेगळे आणि राक्षसाचे वेगळे, आणि वाजवणारा त्या पावलाच्या किंचित पुढे राहून त्याला ओढून नेतो. ते संगीत खुर्चीवर बसून ऐकण्यासाठी घडलेलेच नाही. रविवारकारंजा यांना आलेला कंटाळा मला कॉन्सर्टिनाचा वाटत नाही. नाच वगळून नाचाचे संगीत ऐकल्याचा वाटतो.

इंग्लंडातही हेच घडले आहे. १८९९ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन येथे सेसिल शार्प या संगीत शिक्षकाने पहिल्यांदा मॉरिस हा इंग्रजी लोकनाच पाहिला. त्या पथकासाठी विल्यम किंबर हा तरुण गवंडी अँग्लो कॉन्सर्टिना वाजवत होता. हातावर काम नव्हते म्हणून ते पथक अवेळी नाचायला निघाले होते. शार्पने त्याच्याकडून धुना उतरवून घेतल्या आणि तेथून इंग्रजी लोकनृत्याच्या पुनरुज्जीवनाचे मोठे काम उभे राहिले. किंबरचे वादन ध्वनिमुद्रित आहे. त्यात स्वर तुटक आहेत, मुद्दाम तुटक, कारण नाचणाऱ्याची उडी हवेत असताना वाद्याने गप्प राहायचे असते.

रविवारकारंजा

किंबर ऐकला. त्यानंतर शॅननकाठी यांच्या सांगण्याप्रमाणे मिसेस क्रॉटींची एक जिग लावून तिच्यावर हलक्या हाताने दादरा धरून पाहिला. पहिल्या खेपेस ठेका आणि धून एकमेकांवर आदळत होती. त्याचे कारण असे की मी पहिली आणि चौथी मात्रा सारख्याच वजनाची वाजवत होतो आणि त्या बाई तिसरी आणि सहावी मात्रा किंचित उशिरा, जवळजवळ पुढच्या मात्रेला चिकटवून घेत होत्या. तो झोल पकडल्यावर बसले. ही लय कागदावरच्या तीन-तीनमध्ये नाही, आणि एवढ्यासाठी पुन्हा ऐकावे असे मला आता वाटते.

मात्र चार-पाच वाद्ये एकाच वेळी तीच ओळ वाजवतात, तेव्हा कॉन्सर्टिना त्यात हरवून जाते, हे माझे मत कायम आहे. एकटी किंवा फार तर एका व्हायोलिनबरोबर ती ऐकावी.

शॅननकाठी

यावर येथील जुने श्रोतेही आपल्याशी सहमत होतील. मोठ्या पबमधल्या वीस वादकांच्या मैफलीपेक्षा मागच्या खोलीतील दोन वादकांची मैफल शोधावी. मिलटाउनच्या सप्ताहात कॉन्सर्टिनाचे स्वतंत्र वादनही ठेवलेले असते, तेथे एकेका वादकाला एकटे ऐकता येते.

मखमलाबाद

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणीच दिले नाही. वाद्य घ्यावे का, आणि घेतल्यास नाशिकच्या हवेत ते टिकेल का?

जुनीपेटी

हवेविषयी मी लिहितो. नाशिकची अडचण पावसाळ्यापेक्षा टोकाच्या बदलांची आहे. एप्रिलमध्ये हवा इतकी कोरडी होते की सुरांची थाळी आकसते, कप्प्यांच्या पट्ट्या सैल होतात आणि एका कप्प्यातली हवा शेजारच्या कप्प्यात गळू लागते. मग एक बटण दाबले की दोन स्वर कुजबुजतात. जुलैत तेच लाकूड फुगते आणि सरकवून बसवलेल्या चौकटी पोलादी जिभेला चिमटतात, सूर बसतो. पितळी सुरांच्या पेटीला गंजाची भीती नसते, येथे ती आहे. म्हणून वाद्य डब्यात बंद ठेवावे, पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि उन्हाळ्यात पंख्याखाली किंवा कूलरच्या झोतात उघडे ठेवू नये. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या नव्या वाद्यांत अ‍ॅकॉर्डियनचे सूर असतात आणि ते पुष्कळदा मेणाने बसवलेले असतात. असे वाद्य मे महिन्यात गाडीत राहिले तर मेण मऊ होऊन सूर जागचे हलतात. बटण न दाबता भाता कधीही ओढू नये. मिटायचा असल्यास हवेचे बटण दाबून मिटावा. आणि सूर उतरला म्हणून पेटीवाल्याकडे नेऊन लगेच घासून घेऊ नये. बहुतेक वेळा सूर उतरलेला नसतो, जिभेखाली धुळीचा कण अडकलेला असतो. पातळ कागदाची पट्टी जिभेखालून अलगद ओढली की काम होते.

शॅननकाठी

घेण्याविषयी माझे मत. आयरिश धुना वाजवायच्या असतील तर वीस बटणांच्या वाद्यावर पैसे घालू नयेत. त्यात तीव्र-कोमल स्वरांची तिसरी रांग नसते आणि बहुसंख्य धुना अडतात. तीस बटणांची, सी आणि जी च्या रांगांची अँग्लो घ्यावी. चांगल्या कारागिरांकडे प्रतीक्षायादी असते, आणि जेफ्रीज यांच्या जुन्या वाद्यांच्या किमती तर आपल्यासारख्यांनी विचारूच नयेत. पुष्कळ जण मध्यम दर्जाच्या नव्या वाद्यापासून सुरुवात करतात आणि हात बसल्यावर ते विकून वरचे घेतात.

पंचवटीकर

सर्वांचे आभार. माझ्या मनातला खरा प्रश्न आता विचारते. आमच्या मंडळात भजनाला या वाद्याची साथ करता येईल का? मुलाच्या मित्राचे वाद्य हातात घेऊन भूप वाजवून पाहिला होता. आरोहात सा दाबून, रे ओढून, ग आणि प दोन्ही दाबून, ध ओढून, वरचा सा दाबून, असा क्रम आला. बोटे सहज गेली, पण भात्याचे वळण गाण्याच्या अक्षरांशी जुळेना. शब्द लांबवला की भाता संपे.

जुनीपेटी

अँग्लोवर हे कठीण जाईल, आणि त्याचे कारण भूपात नाही, षड्जात आहे. भजनाला साथ म्हणजे आधी सा-प धरून ठेवणे. मधल्या रांगेत सा फक्त दाबीवर आहे. त्यातला वरचा सा ओढीवर हवा असेल तर तो खालच्या, जी च्या रांगेत मिळतो. म्हणजे भात्याची दिशा बदलेल त्या प्रत्येक वेळी बोटही दुसऱ्या रांगेत न्यावे लागेल, आणि ते करताना षड्ज तुटणारच. गाणाऱ्याच्या कानाला ते खपणार नाही. साथीसाठी इंग्लिश प्रकार घ्यावा. त्यात सा आणि प दोन्ही दिशांना तेच राहतात, भाता वळताना षड्ज किंचित हलतो, पण सुटत नाही. अडचण एवढीच की सरगमचे स्वर आळीपाळीने डाव्या आणि उजव्या हातात विभागलेले असतात. सा डावीकडे, रे उजवीकडे, ग पुन्हा डावीकडे. पेटीवर उजव्या हाताला जे पाठ आहे ते सगळे दोन हातांत वाटून घ्यावे लागेल.

देवळालीच्या वाद्याच्या गाद्यांचे चामडे कडक झाले आहे, ते बदलायचे काम चालू आहे. ते झाल्यावर मालकांची हरकत नसेल तर आपण दुकानात येऊन त्यावर सा-प धरून पाहावे. पट्टी सी ची, म्हणजे आपली पांढरी एक. मंडळातील गाणाऱ्या बायकांचा स्वर कोणत्या पट्टीत आहे ते आधी कळवावे. काळी चार-पाच असेल तर बटणांची मांडणी पूर्ण बदलते, आणि मग कोणती बटणे वापरायची याचा कागद मी तयार करून ठेवतो.

पंचवटीकर

आमची पट्टी काळी पाच आहे. कागद जरूर करावा.

रविवारकारंजा

ठेक्याला मी येतो. दादरा त्या झोलानेच धरायचा की आपल्या सरळ वजनाने, एवढे मंडळाने आधी ठरवावे.